स्टँडबाय काका

इंदूरला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका पावसाळ्यात घरातून निघाले की त्यांच्या हातात दोन छत्र्या असायच्या. एक मुख्य, एक बॅकअप. पाऊस आला की ते मुख्य छत्री पिशवीत नीट गुंडाळून ठेवत आणि बॅकअप उघडत. मुख्यच खराब झाली तर मग बॅकअपचा उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं. यात काहीतरी चुकतंय हे अख्ख्या बिल्डिंगला कळत होतं, पण नेमकं काय ते त्यांना पटवून देणं कुणालाच जमलं नाही. आम्ही त्यांना स्टँडबाय काका म्हणायचो आणि त्यांना ते फार आवडायचं.

सरकारी नोकरीत ते असिस्टंट म्हणून लागले, पुढे डेप्युटी झाले आणि अ‍ॅडिशनल होऊन रिटायर झाले. साहेब कधी झाले नाहीत. याचं दुःख राहिलं बाजूला, उलट अभिमानच. "आपल्या घराण्यात मुख्य कोणी झालंच नाही बेटा," ते सांगायचे. "पणजोबा संस्थानात नायब होते. नायब म्हणजे डेप्युटीच की. खुर्चीवर तर कोणीपण बसतो, खुर्ची धरून कौन खड़ा है, ते बघायचं असतं."

घरातही तोच कारभार. काकू इनचार्ज, आणि लसूण सोलणारे काका सपोर्ट स्टाफ. भांडीवाली बाई आली नाही की हे बाह्या सरसावून म्हणत, "आज मी ऑफिशिएटिंग बाई." काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. रविवारी पोहे आणले की त्यांचं व्याख्यान ठरलेलं. "पोहे काय, पुण्यातपण मिळतात. इंदूरचे पोहे चालतात अ‍ॅक्सेसरीवर. शेव, जिरावणाचा मसाला, कांदा. आणि जिलेबी ही सप्लिमेंटरी. ती नसेल तर पोहे नापास." त्यांचा मुलगा नितीन पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. तो सुट्टीत आला की म्हणायचा, "बाबा, इतकं इंग्रजी तर आमच्या ऑफिसात पण नाही बोलत."

मी शाळेत असताना माझे बाबा गेले. घरात माणसं येत होती, 'आता आम्हालाच वडील समज' म्हणत होती आणि चहा पिऊन जात होती. काका आले ते आईला म्हणाले, "वहिनी, ही पोस्ट भरता येत नाही. ती व्हेकंटच राहणार. मी आपला असिस्टंट." त्यानंतर शाळेच्या प्रत्येक मीटिंगला बॅकअप चष्मा घेऊन हजर. पहिल्याच वेळी मॅडमनी विचारलं, "आप इसके पिताजी?" काका उठून उभे राहिले. "नहीं मैडम, असिस्टेंट." वर्ग फिदीफिदी हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या माणसानं बाबांची जागा घ्यायचा एकदाही प्रयत्न केला नाही, म्हणून माझा त्यांच्यावर इतका जीव होता.

माझ्या लग्नात तर त्यांच्या उत्साहाला ऊत आला. स्टँडबाय हार, स्टँडबाय अंतरपाट, अक्षतांचं स्टँडबाय ताट. एवढंच काय, जवळच्या बेटमा गावाहून एक स्टँडबाय गुरुजी आणून त्यांना पहिल्या रांगेत पेढे देऊन बसवलं होतं. मी म्हटलं, "काका, नवरदेवाचा पण ठेवला असेल?" ते गंभीरपणे म्हणाले, "विचार केला होता. इनचार्जने परमिशन नाही दिली."

आणि नेमका ऐनवेळी मामाच आला नाही. आईचा एकुलता एक भाऊ, नाशिकहून गाडीने निघालेला. इंदूरच्या अलीकडे मानपूरच्या घाटात ट्रक उलटला आणि मामा जाममध्ये अडकला. मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं मामानं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं मामानं. बाबा नव्हते, आता भाऊही नाही म्हटल्यावर आईचा धीरच सुटला. ती खोलीत खुर्चीवर बसली ती बसलीच. "तो येईपर्यंत मी मुलीला बाहेर पाठवणार नाही," म्हणाली. बाहेर मुहूर्त टळत चाललेला, सासरकडचे घड्याळाकडे बघताहेत.

"सगळ्याचा स्टँडबाय ठेवलात," काकू काकांवर कडाडल्या, "मामाचा का नाही ठेवला?"

काकांचा चेहरा पडला. "सख्ख्या भावाचा कसा ठेवू? वहिनींना वाईट नसतं वाटलं?"

आईनं मान वर केली. त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "भावजी, तुम्हीच न्या तिला."

"मी?" काका दोन पावलं मागे सरकले. "ही तर मुख्य पोस्ट आहे वहिनी."

आई पहिल्यांदा हसली. "अ‍ॅक्टिंग म्हणून जा."

मग मात्र ते तयार झाले. अट एकच, मामा आले की लगेच चार्ज हँडओव्हर. त्यांनी माझा हात धरला. बोहल्यावर पोचलो, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मुख्य गुरुजी पाणी प्यायला थांबले मात्र, बेटम्याच्या गुरुजींना वाटलं आपली वेळ आली. त्यांनी पेढा गिळून खणखणीत आवाजात पुढचं कडवं उचललं. मुख्य गुरुजींनीही माघार घेतली नाही. दोघांचं 'सावधान' मागेपुढे यायला लागलं, लोक दोनदोनदा अक्षता टाकायला लागले आणि नवरदेवाच्या फेट्यावर तांदळाची रास जमली.

त्या गोंधळात मामा धापा टाकत आला. काका लगेच कानाशी कुजबुजले, "मामा आले बेटा. रिलीव्ह कर."

मी त्यांचा हात घट्ट धरला.

"अगं, पोस्ट एकच आहे."

"वाढवली," मी म्हटलं.

शेवटच्या 'सावधान'पर्यंत माझ्या मागे दोघंही उभे होते, आणि मामापेक्षा जास्त रडले ते काका. रुमाल दोन होते, दोन्ही भिजले.

काका मागच्या थंडीत गेले. माझ्या मुलाच्या जावळाचा दिवस ठरला तेव्हा मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. बाळाला मांडीवर घेऊन बसायला मामा लागतो, आणि मला भाऊ नाही. काका असते तर आजोबांच्या वयात मामा झाले असते, तेही आनंदानं. सगळ्याचा स्टँडबाय ठेवणारा माणूस स्वतःचा ठेवायला विसरला, असं मी काकूंना म्हटलं. त्या फोन घेऊन आत गेल्या.

जावळाच्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात नितीन. पुण्याहून रात्रभर गाडीनं आलेला, डोळे लाल, आणि हातात दोन टोपडी.

"दोन कशाला रे?" मी विचारलं.

"एक बॅकअप," तो म्हणाला. "बाबा सांगून गेलेत. अ‍ॅक्टिंग मामा म्हणून रिपोर्ट करायचं."

मी बाळ त्याच्या हातात दिलं. "अ‍ॅक्टिंग नाही रे," म्हटलं, "बस, मांडी घाल."