सात नंबरची टिकली

राजेश्वरी मेंगाणे त्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं होती, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर थरथरणारी हिरवी लाट म्हणजे नेमकं काय, हे तिला त्या अकरा वर्षांत एकदाही कळलं नव्हतं. तिला कळत नाही हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

नवरा त्याच कॉलेजात शिपाई होता. तो गेल्यावर अनुकंपेवर तिला प्रयोगशाळा सहायकाची जागा मिळाली. बारावी पास एवढंच कागदावर बघितलं गेलं. आर्ट्स की सायन्स, कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात, निवृत्तीला टेकलेल्या जुन्या सहायकानं, मल्लप्पांनी, तिचा घाबरा चेहरा ओळखला. दुसऱ्या दिवशी ते बायकोच्या टिकल्यांचं पाकीट घेऊन आले.

"बाई, समजून घ्यायला बसलात तर डोकं फिरंल. हे बघा, हितं टिकली लावली. ह्या बटणाचा काटा हितं आणायचा, त्याचा तितं. लाट उभी राहती. पोरं खूश, सर खूश, आपण मोकळे."

बारा ऑसिलोस्कोप, प्रत्येकावर पाच टिकल्या. मल्लप्पा गेले, टिकल्या राहिल्या.

सगळ्यात अवघड प्रयोग रेडिओच्या लाटेचा. वेगानं धावणाऱ्या लाटेवर आवाजाची संथ लाट चढवायची, मग ती मोठी लाट फुगते, आवळते, पुन्हा फुगते. पडद्यावर एकाला एक लावून ठेवलेले डमरू दिसतात. सगळं नीट लागलं तर डमरू जागच्या जागी उभे राहतात, नाही तर आगगाडीसारखे पळत सुटतात. पोरांचे पळायचेच.

"मॅडम, थांबंना की ओ!"

राजेश्वरी जायची, पोरांकडे पाठ करून बटणांवर वाकायची, पाच टिकल्या जुळवायची. डमरू थांबायचे. "मॅडमचा हात लागला की लगेच," पोरं म्हणायची. तिला ते ऐकायला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. घरी सासू निंगव्वा शेजारणींना सांगायची, "आमची राजी इंजिनियरच्या पोरांना शिकवती," आणि राजेश्वरी आत भाकरी थापता थापता ते ऐकत राहायची.

या वर्षी खंडेनवमीला नेहमीसारखी यंत्रं पुसून काढली. हळदीकुंकू लावताना तिच्या लक्षात आलं, की टिकल्या काळ्याकुट्ट झाल्यात, कडा उचकटल्यात. तिच्या कपाटात लाल टिकल्यांची दोन पाकिटं तशीच पडून होती. नवरा गेल्यापासून ती बारीक काळी टिकली लावायची. तिनं ती लाल पाकिटं आणली, नखानं जुन्या खरवडल्या, एकेक नवी लावली. सात नंबरच्या यंत्रापाशी असताना प्रयोगशाळेचे प्रमुख बिराजदार सर यांनी हाक मारली, "ताई, नारळ फोडायचाय, या लवकर." ती गेली, प्रसाद वाटला, परत आली आणि राहिलेली टिकली लावून टाकली.

रेडिओच्या लाटेचा प्रयोग दसऱ्याआधीच होऊन गेला होता, तो पुन्हा लागला तो डिसेंबरात, प्रात्यक्षिक परीक्षेला. बाहेरून परीक्षक आले होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. सात नंबरवर काव्या बसली. मैंदर्गीहून रोज एसटीनं येणारी मुलगी, घरी कन्नड, कॉलेजात मराठी, आणि परीक्षेत इंग्रजी. तिनं वायरी जोडल्या, बटणं टिकल्यांवर आणली. नव्या लाल टिकल्या ठळक दिसायच्या, त्यामुळे पोरंही आता काटे त्यांवर आणायला लागली होती. डमरू पळायला लागले.

"मॅडम, बघता का जरा?"

राजेश्वरी गेली. वाकली. पाचही काटे टिकल्यांवर होते. डमरू पळतच होते. तिनं एक बटण उगाच हलवून परत आणलं. मागून परीक्षकांचा आवाज आला, "काय झालं? यंत्र बिघडलंय का?"

यंत्र बिघडलंय म्हटलं असतं, तर मुलीला दुसरं मिळालं असतं. पण मग ते सरांनी तपासलं असतं. तपासताना तिला विचारलं असतं.

"यंत्र चांगलंय सर," राजेश्वरी म्हणाली. "पोरीची जोडणी चुकलीय."

काव्यानं तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून सगळ्या वायरी उपटल्या आणि पहिल्यापासून जोडायला लागली. दोनदा जोडलं. डमरू पळतच राहिले. घंटा झाली. उठताना ती म्हणाली, "मॅडम, कुटं चुकलं ते तरी सांगा की."

"घरी जाऊन पुस्तक बघ," राजेश्वरी म्हणाली. एवढ्या कडक आवाजात ती अकरा वर्षांत कुणाशी बोलली नव्हती.

गुणांची यादी टंकायला न्यायचं काम तिचंच. काव्याला पंचवीसपैकी सात. पास व्हायला दहा लागत होते. यादी चार वाजता पाकिटात घालून लाखेनं बंद होणार होती.

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. रिकाम्या प्रयोगशाळेत जाऊन तिनं काव्याची जोडणी पाहिली. वायरी कशा लावायच्या तेवढं तिला येत होतं, बारा संच दरवेळी तीच तर काढून द्यायची. जोडणी बरोबर होती. एकही वायर इकडची तिकडे नव्हती.

तिनं शेजारचा सहा नंबर चालू केला, तशाच वायरी लावल्या. डमरू उभे. सात नंबरचे पळत होते. मग ती निवडलेल्या तांदळात खडा शोधावा तशी एकेक बटण दोन्हीकडे बघत गेली. पहिलं सारखं. दुसरं सारखं. तिसरं, चौथं सारखं. पाचव्याला कळ होती, इकडे किंवा तिकडे. सहा नंबरवर टिकली डावीकडे. सातवर उजवीकडे.

तिनं सातची कळ डावीकडे सरकवली.

डमरू थांबले.

एक क्षणभर तिला इतका आनंद झाला, की ती चक्क हसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं स्वतः शोधून लाट थांबवली होती. आणि त्याच क्षणी, ती टिकली आपल्याच पाकिटातली आहे, आपल्याच बोटानं लावलेली आहे, हे तिच्या ध्यानात आलं. तिचे कान तापले. खोलीत कुणी नव्हतं तरी तिनं पदरानं तोंड पुसलं.

तीन वाजून गेले होते. टिकली काढून डावीकडे लावली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. तिनं नख टिकलीखाली घातलंसुद्धा. मग काढलं आणि बिराजदार सरांच्या खोलीकडे गेली.

सर आणि परीक्षक चहा पीत होते.

"सर, काव्याची जोडणी बरोबर होती."

"मग?"

"टिकली चुकीच्या जागी होती."

"कसली टिकली?" परीक्षकांनी विचारलं.

तिनं सांगितलं. मल्लप्पा, पाच टिकल्या, खंडेनवमी, सगळं. मान वर न करता सांगितलं, टेबलावरच्या बशीत सांडलेल्या चहाकडे बघत.

परीक्षकांना हसू आलं. "अहो बिराजदार, तुमच्याकडे कुंकवावर चालतंय की सगळं!" सर हसले नाहीत. ते हसले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"अकरा वर्षं, ताई?" ते म्हणाले. "मला वाटायचं तुम्हाला येतंय. मी नवीन लेक्चररना सांगायचो, ताईंना विचारा म्हणून." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "आणि मलाही कधी दिसल्या नाहीत होय त्या टिकल्या."

"विचारलं असतं तर आलं असतं," ती कशीबशी म्हणाली. "विचारायचीच लाज वाटली."

काव्याला एसटी स्टँडवरून परत बोलावलं. तिच्या मैत्रिणीच्या मोबाईलवर फोन करावा लागला. ती आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. सरांनी सांगितलं, "यंत्रात गडबड होती, पुन्हा कर." सर आपली लाज झाकतायत, हे राजेश्वरीला कळलं, आणि ते तिला परीक्षकांच्या हसण्यापेक्षा जड गेलं.

"यंत्रात नव्हती," ती मुलीला म्हणाली. "माझी होती. कळेची टिकली मीच उलट्या बाजूला लावली आणि खोटं बोलले. मला हे येत न्हाय."

काव्यानं बॅग ठेवली, वायरी जोडल्या, कळ डावीकडेच ठेवली. डमरू उभे राहिले. परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. निघताना ती राजेश्वरीसमोर क्षणभर थांबली.

"मॅडम, स्टँडवर आप्पांना फोन करून सांगितलं मी, नापास झाले म्हणून. ते कायबी बोलले न्हाईत." आणि ती गेली.

संध्याकाळी निंगव्वानं सगळं ऐकून घेतलं. "मग नोकरी ऱ्हाती का जाती?"

"ऱ्हाती. सर शिकवणारेत."

"ह्या वयात? मग मी शेजारी काय सांगू?"

"काय सांगू नका, अत्ती."

बाराही यंत्रांवरच्या टिकल्या तिनं खरवडून काढल्या. खाली गोल, स्वच्छ डाग राहिले, ते कितीही पुसले तरी जात नव्हते. बिराजदार सरांनी वहीत लिहून दिलं: मोठी लाट फार वेगात धावते, तिच्या तालावर चित्र धरलं तर ते सटकतं, आवाजाच्या संथ लाटेवर धरायचं. तिनं ते चारदा वाचलं. तिसऱ्या ओळीनंतर डोकं फिरायचं. मल्लप्पा खोटं बोलले नव्हते.

जानेवारीत एका दुपारी ती एकटीच पाच नंबरपाशी बसली होती, वही मांडीवर. डमरू पळत होते. तिनं पडदा उजळ केला, मंद केला, लाट उंच केली, बुटकी केली. पळत होतेच. दारात कुणीतरी उभं होतं. काव्या, जर्नल द्यायला आलेली. राजेश्वरीनं सवयीनं पाठ केली, बटणांवर वाकली, आणि मग लाज वाटून बाजूला सरकली, पडदा मुलीला दिसेल अशी.

काव्यानं जर्नल टेबलावर ठेवलं. थोडा वेळ पडद्याकडे बघितलं.

"ट्रिगर बघा," ती म्हणाली. "कुठल्या लाटेवर धरलंय ते."

राजेश्वरीनं वही बघितली. दुसरी ओळ. मग कळ बघितली, तिच्याखालची इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली, आणि ती सरकवली. डमरू दोनदा थरथरले आणि उभे राहिले.

तिनं वळून पाहिलं तर दार रिकामं होतं. जिन्यावर मुलीच्या चपलांचा आवाज खाली खाली जात होता.

तिनं कळ पुन्हा चुकीच्या बाजूला नेली, लाट पळू दिली, आणि वही मिटून पहिल्यापासून लावायला घेतलं.