दोन गोधड्या आणि चाची

तापलेल्या लेकराला वारं लागू द्यायचं नाही, हे मला माहेरी शिकवलेलं. आणि शिकवलेलं मी फार मन लावून करते. म्हणून वसमतजवळच्या आमच्या गावात, भर दुपारी, दीड वर्षाच्या लेकीवर मी दोन गोधड्या टाकल्या, दार-खिडकी लावून घेतली आणि स्वतःवर खूश होऊन बसले. घरचे सगळे हळद शिजवायला मळ्यात गेले होते.

थोड्या वेळानं पोरीचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. मी बोंब ठोकली आणि तिच्या दातांत चमचा घालायला लागले.

शेजारी बांगड्या विकणारी चाची राहायची. तिच्या शेळीनं आमच्या वाळवणात तोंड घातलं म्हणून मी चार महिने तिच्याशी बोलत नव्हते. ती मधल्या भिंतीवरून उडी मारून आली.

"फेक तो चमचा! अन् काहून कोंडून राहिली लेकराला?"

तिनं गोधड्या भिरकावल्या, पोरीला कुशीवर वळवलं, दार सताड उघडलं. झटके थांबल्यावर ओढणी साध्या पाण्यात भिजवून अंग पुसत राहिली. वाचंल का, वाचंल का, एवढंच मी विचारत होते.

"वाचंल. तू पानी आन."

पोरीनं डोळे उघडले आणि माझ्याकडं नाही, चाचीकडं झेपावली. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला. एसटीनं वसमतच्या दवाखान्यात नेतानाही लेक तिच्याच मांडीवर होती. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि घाबरू नका म्हणाले.

परत आलो तर दारात सासूबाई. त्यांचा आवाज चढलेला. मी काही बोलायच्या आत चाचीच म्हणाली, "तुमच्या सुनेनं बराबर केलं समदं. मी नुसती संगं होते."

आणि मी गप्प बसले.

पुढं चाची लेकाकडं हैदराबादला गेली. आमच्या घरात मात्र माझंच कौतुक राहिलं. माझी लेक कॉलेजात गेल्यावर घरी आलेल्या मैत्रिणींना अभिमानानं सांगायची, आईनं मला वाचवलं. ते ऐकलं की मला चाचीची फार आठवण यायची.

शेवटी एक दिवस लेकीला सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही. चप्पल घालायला उठली आणि म्हणाली, "मग चल ना, मला भेटव तिला."

माझ्याकडं चाचीचा पत्तासुद्धा नव्हता.