एका दिवसाचं पान

माघीनं जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तू गुंडाळण्यासाठी पानं तोडली. पोशेऱ्याच्या रानातून सागाची, पळसाची पानं आणायची, जुड्या बांधून पाटीत रचायच्या, वर ओलं फडकं टाकायचं आणि जव्हारच्या बाजाराला निघायचं. मटण, सुकट, गूळ, मीठ, जे काही बाजारातून लोकांच्या घरी जाई ते तिच्या पानात बसून जाई. संध्याकाळी घरोघरी ते पान सुटायचं. कुत्रं चाटायचं, शेळी चावायची, उरलंसुरलं उकिरड्यात कुजायचं. पानाचं आयुष्य एका दिवसाचं, हे माघीला इतकं उघड होतं की तिनं त्यावर कधी विचार केला नव्हता.

मग पिशव्या आल्या. मटणवाल्यानं जुड्या ठेवायच्या फळीवर खिळा ठोकला आणि निळ्या पिशव्यांचा झुबका टांगला. पान फाटतं, रक्त गळतं, गिऱ्हाईक कपडे दाखवत परत येतं, असं तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. हळूहळू सगळ्याच दुकानांत खिळे आले. रस्त्याकडेच्या करवंदीच्या काट्यांना पिशव्या अडकल्या आणि वाऱ्यावर फडफडत राहिल्या. त्यांची संध्याकाळ काही होत नव्हती. माघी तरीही अर्धी पाटी घेऊन बाजारात बसायची. न बसून करायचं काय, हे तिला माहीत नव्हतं.

तिचा मुलगा लहान्या आणि सून रुपी दर दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीला जात. एका साली रुपी तिथंच बाळंत झाली. उसाच्या पाचटाची खोपी, बाहेर दव, आत भट्टीचा धूर. पोर महिनाभर खोकलं आणि गेलं. रुपी रिकामी झोळी खांद्यावर घेऊन परतली. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. माघीनं मनाशी गाठ मारली, लहान्या जायचा तर जाऊ दे, रुपीला यंदा भट्टी नाही. पण घरी ठेवायचं तर खायला घालायला हवं, आणि अर्ध्या पाटीवर दोन पोटं भरत नव्हती.

त्या पावसाळ्यात मुंबई बुडाली आणि गटारं तुंबवली म्हणून सरकार पिशव्यांवर चिडलं. गणपतीच्या सुमारास जव्हारचा गौतम माघीला शोधत आला. तो नाशिकच्या एका मोठ्या दुकानात भाजीच्या विभागात होता. तिथं गिऱ्हाईक फळीवरून स्वतःच माल उचलतं, आणि आता शिकलेली माणसं प्लास्टिक नको म्हणतात, असं त्यानं सांगितलं. साहेबांना मिरच्या, आलं, कढीपत्ता पानाच्या पुडीत विकायचा होता. एक दिवसाआड टेम्पो फाट्यावर थांबणार होता.

घर पानांनी भरलं. रुपी बांबूच्या काड्या बारीक सोलून पुड्या टाचायची. तिचा हात माघीपेक्षा साफ होता. एकदा काडी ओठात धरूनच तिनं विचारलं, "आये, हां काम शिमग्यापरेंत टिकंल ना?" शिमग्याला तिचे दिवस भरणार होते.

"टिकंल," माघी म्हणाली.

दसऱ्याला गौतमचा निरोप आला, पानं सुकून तडकतात. माघी टेम्पोत बसून स्वतः बघायला गेली. दुकानात पौषासारखा गारठा होता आणि कशालाच वास नव्हता. दोन काकड्यासुद्धा काचेसारख्या कागदात आवळून ठेवलेल्या. तिच्या पुड्या फोमच्या पांढऱ्या ताटलीत होत्या. आत काय आहे ते दिसावं म्हणून पानाला चौकोनी भोक पाडलेलं, आणि वरून तोच पारदर्शक कागद ताणून त्यावर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली.

"ह्यो कागद कशाला?" तिनं विचारलं.

"पानावर चिठ्ठी धरत नाही, मावशी. आणि माल चार दिवस तरी फळीवर राहायला हवा."

माघी चार दिवसांचा विचार करत घरी आली. तिच्या ओळखीचं एकही पान एवढं जगलं नव्हतं. पण सुकलेल्या पानाला ती एकच उपाय जाणत होती, आणि तो तिला कधी फसला नव्हता. तिनं पुड्या पाण्यात बुडवून काढल्या, ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवल्या आणि तशाच टेम्पोत चढवल्या. रुपीला म्हणाली, आता बघ कशी ताजी राहतात.

दिवाळीच्या तोंडावर सगळा माल परत आला. टेम्पोतून उतरवला तेव्हा वासानं शेजारच्या बायांनी पदर नाकाला लावले. कागदाखाली पानं काळी पडली होती, मिरच्यांवर बुरशीची लव उगवली होती. गौतम खाली बघत बोलला. पानाचा खर्च, प्लास्टिकचा खर्च, वर ही नासाडी. साहेबांनी बंद केलं.

"तो कागद काढा ना वरचा," माघी म्हणाली. "मी कोरडी पानं देते."

"कागद काढला तर विकत नाही, मावशी."

मालावर झाकून आणलेला प्लास्टिकचा मोठा तुकडा अंगणातच टाकून टेम्पो गेला.

भट्टीच्या मुकादमाचा ट्रक यायच्या दिवशी रुपीनं पहाटेच भांडी बांधली. माघीनं तिचं मनगट धरलं. "तू राहा. मी काय तरी करते."

"काय करशील, आये?"

रुपीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं. माघीनं मनगट सोडलं.

मग रुपीनं कुडावर वाळत घातलेला टेम्पोवाल्याचा तो तुकडा ओढला. राखेनं घासून तिनं तो आदल्या दिवशीच धुतला होता. "खोपीवर टाकीन," ती म्हणाली. "याच्याखाली पोराला दव नाय लागायचा."

माघीनं दुसरं टोक धरलं. दोघी घडी घालू लागल्या. प्लास्टिकची घडी बसेना, दाबली की पुन्हा उघडायची. फाट्यावर ट्रकचा भोंगा वाजला, आणि माघीनं घडीवर गुडघा टेकून दोरी आवळली.