आमच्या आडनावाचं गाव

आमचं आडनाव सांगितलं की समोरचा हमखास "काय?" म्हणतो. वडिलांना, म्हणजे अप्पांना, त्याचाच भारी अभिमान. ते दारावरच्या पितळी पाट्या कोरायचे. दिवसभर परक्यांची नावं कोरून झाली की संध्याकाळी आपल्या आडनावाची मोठी माणसं शोधत बसायचे. चाळीस वर्षांत सापडले एक न्यायाधीश, पोहण्यात पदक मिळवलेली एक बाई आणि पूल बांधणारा एक इंजिनिअर. नात्यातलं कुणीच नाही. तरी अप्पा कौतुकाने सांगायचे, "आपला न्यायाधीश रिटायर झाला बरं का!"

"त्याला कळवा एकदा, तो आपला आहे म्हणून," आई म्हणायची.

मग नकाशात एक गाव सापडलं. नाव थेट आमचं आडनाव, आणि गाडीने जेमतेम पाच तासांवर. अप्पा हरखून गेले. "ती पाटी एकदा बघायचीय गं. आपलं नाव, आणि मी न कोरलेलं!"

मी म्हटलं, जाऊ की. गाडी माझी, म्हणजे सगळं माझ्यावर अडलेलं. आधी माझं प्रमोशन, मग मुलीची परीक्षा, मग गाडीचंच काहीतरी. अप्पांनी तगादा लावला नाही. दर वेळी म्हणायचे, "तुझं उरकू दे." अशी पाच वर्षं गेली आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी नेली. तेव्हा कुठे मला जाग आली.

गेलो. गावाच्या तोंडाशी कमरेएवढा नवा दगड होता आणि त्यावर खोल कोरलेलं नाव. दुसरंच.

"दोन वर्षं झाली बदलून," दुकानदार म्हणाला. "शेजारच्या गावात मिसळलं ना आम्हाला."

गाडीतून अप्पांनी विचारलं, "आहे का गं?"

"आहे ना! चांगलं ठळक," मी ठोकून दिलं आणि आमचं आडनाव मोठ्याने वाचलं.

"मला ने तिथवर."

ऊन आहे म्हटलं, चिखल आहे म्हटलं. ते उतरलेच. दगडावर हात ठेवला. बोटं शेवटच्या अक्षरापर्यंत गेली, थांबली, पुन्हा पहिल्यावर आली.

"छान कोरलंय," ते म्हणाले. मग माझा खांदा चाचपत, "तू वाचून दाखवलंस, भरून पावलो."

परतताना ते झोपले की नुसते डोळे मिटून बसले, मला कळलं नाही. मला त्या पाच वर्षांची माफी मागायची होती. मी विचारलं, "अप्पा, एसी कमी करू का?"