न झाडलेली जाळरेषा

आमच्या वस्तीत अजूनही म्हणतात की ती आग मोहफुलं वेचणाऱ्या बाईनं लावली. ते खरं नाही.

मोहाखालचा पाला जाळला की पडलेली फुलं नीट दिसतात, म्हणून उन्हाळ्यात काही लोक तो पेटवतात. जंगलातल्या बऱ्याच आगी अशाच लागतात. त्या वर्षीची कुणी लावली, कुणालाच ठाऊक नाही. पण ती वस्तीत शिरली माझ्यामुळे.

मी वनरक्षक होतो. लोक नाकेदार म्हणत. त्या आठवड्यात आम्ही रोज आगीमागे पळत होतो. हिरव्या डहाळ्यांनी एकीकडे झोडपून विझवावं, तर दुसरीकडे धूर. मग एका दुपारी आग वस्तीकडे वळली. अशा वेळी जाळरेषेवरून उलटी आग सोडतात, म्हणजे येणाऱ्या आगीला जाळायला काही उरत नाही. जाळरेषा म्हणजे वस्ती आणि जंगल यांच्यामधला, पाला झाडून मोकळा केलेला पट्टा. आमचा झाडून झाला होता, पण नंतर सागाची पानं गळून तो पुन्हा भरला होता. मला दिसत होतं. आधी झाडायचा, मगच काडी लावायची, ही रीत.

मजूर बसकण मारून बसले होते. एकजण म्हणाला, "नाकेदार, झाडाचं का? हात उठून नाही राह्यले."

माझेही उठत नव्हते. "राहू दे," मी म्हणालो. "लाव."

आम्हीच लावलेली आग पाल्यावरून सरळ आमच्या मागे वस्तीत गेली. शहरातून अग्निशमनची गाडी आली, ती गल्लीच्या तोंडाशी अडकली. जवानांनी पाइप ओढत नेले, आम्ही बादल्या घेऊन त्यांच्यामागे. माणसं, गुरं वाचली. कडेची घरं गेली. त्यात त्या बाईचंही.

राखेपाशी शेजारी तिच्यावर ओरडला, "वेच अजून मोहफुलं! साऱ्यायले जाळलंस."

"मी कायले जाळू? मी त खराट्यानं झाडूनच वेचत होती बाप्पा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. नाकेदाराचा एक शब्द पुरला असता. मी प्यायला पाणी मागितलं.

निवृत्त झालो, गुडघे गेले. मागच्या महिन्यात तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"हे मले कायले सांगून राह्यला, नाकेदार? मी नाही लावली, हे मले ठाऊक नाही का? ओरडला तो त मेला. बाकीच्यायले सांग."

चौकातल्या चहाच्या टपरीवर जाऊन सांगितलं. ऐकून एकजण हसला. "जाऊ द्या ना बाबूजी. लावली तिनंच असंल. या वयात तुम्ही काऊन अंगावर घेऊन राह्यले?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तोवर त्यांचं बोलणं धानाच्या रोवणीकडे वळलं होतं. म्हणून घरी येऊन हे लिहिलं.