हजेरीबाहेरचं वर्ष

मी बीडच्या ज्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, ते एका सहकारी दूध संघाच्या पुढाऱ्यांनी काढलेलं होतं. संघाचे चेअरमन तेच कॉलेजचे अध्यक्ष. आमच्या पहिल्या वर्षाच्या स्वागताला त्यांनी भाषण केलं होतं, की आपल्या भागातल्या लेकरांना आता पुण्याला जायची गरज राहिली नाही. गरज पडलीच, फक्त चार वर्षं उशिरा.

त्या चार वर्षांत काय केलं असं कुणी विचारलं तर माझं खरं उत्तर एकच आहे: लिहिलं. कॉम्प्युटरवर नाही, हातानं. प्रत्येक प्रॅक्टिकलची फाईल असायची. प्रोग्रॅम मशीनवर चालला की नाही हे कुणी फारसं बघत नसे. तो निळ्या शाईत, समास सोडून, पानोपानी उतरवलेला असावा लागे. खाडाखोड दिसली की पान परत. भारनियमनात लॅब बंद असली तरी प्रॅक्टिकल झालं असं लिहायचं आणि खाली त्याचं आउटपुटही लिहायचं. ते आम्ही आदल्या वर्षीच्या मुलींच्या फायलींतून उतरवायचो. त्यांनीही तसंच केलेलं. दिवसभर तास आणि प्रॅक्टिकल, त्यावर असाइनमेंट, चाचण्या, सबमिशन, आणि मागच्या सेमिस्टरचा विषय राहिला असला तर तोही. अभ्यास या सगळ्यातून उरलेल्या वेळात करायचा. वेळ उरायचा नाही.

वसतिगृहात माझ्या खोलीत गेवराईकडच्या चकलांब्याची एक मुलगी होती. वडील शाळेत शिपाई, हिचं शिक्षण शिष्यवृत्तीवर. आमच्या वर्गात तिच्याइतकं चांगलं डोकं दुसऱ्या कुणाचं नव्हतं, आणि ते सगळ्यांनाच माहीत होतं. मी एखाद्या चुकीपाशी अख्खी दुपार बसून राहायचे. ती पाठीमागून जाता जाता थांबायची आणि म्हणायची, "वरची वळ बघ बे." पोरांसारखं बे म्हणायची तिला सवय होती. चूक वरच्याच ओळीत असायची.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघींनी विषय ठरवला होता. पाऊस त्या वर्षी जवळजवळ झालाच नव्हता. गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी नोंदवायची आणि कुठल्या गावाला टँकर कधी लागेल याचा अंदाज आधीच काढायचा, असं तिच्या डोक्यात होतं. आमच्या प्रोजेक्टच्या सरांनी ऐकून घेतलं, चांगलं आहे म्हणाले. थोड्या दिवसांनी बोलावून त्यांनी सांगितलं की विषय बदलावा लागेल. चेअरमन साहेबांना संघाच्या संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर हवं आहे: कुणाचं किती दूध आलं, फॅट किती लागली, दर काय बसला. बाहेरून करून घेण्यापेक्षा आपल्याच मुलांनी करावं, अशी त्यांची इच्छा आहे.

"तुम्हाला खरा ग्राहक मिळतोय," सर म्हणाले. "याचा फायदाच होईल."

सर तरुण होते, हंगामी होते. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची आणि ती कुणाच्या हातात होती हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही विषय बदलला. ग्रुपमध्ये तिसरा म्हणून संघाच्या एका संचालकाचा पुतण्या घातला गेला. तो सह्या करायच्या दिवशी येत असे.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग नावाचा एक विषयच आम्हाला होता. ग्राहकाच्या गरजा कशा समजून घ्याव्यात, कामाला किती वेळ लागेल हे कसं काढावं, असं त्यात शिकवत. आमच्या ग्राहकाची पहिली गरज होती, सॉफ्टवेअर उघडताच चेअरमन साहेबांचा फोटो दिसला पाहिजे. तो घातला. मग फोटो लहान वाटतो म्हणून मोठा केला. मग शेजारी संघाच्या संस्थापकांचाही हवा म्हणून पुन्हा सगळी मांडणी बदलली. दराचा तक्ता मात्र मागून मागून मिळत नव्हता. त्यासाठी कॉलेजच्या वेळेतच संघाच्या ऑफिसात जाऊन बसावं लागे, कारण साहेब लोक दुपारीच भेटत. तिकडं गेलं की इकडं गैरहजेरी. हे सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "संघात गेलात त्या दिवसांची हजेरी माझ्याकडं लागली. तुम्ही निर्धास्त जा."

ती जास्त जायची, कारण दर काढायचा सगळा भाग तिनं अंगावर घेतला होता. फॅट आणि डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, यांवरून दर बसतो, त्यात गाईचं वेगळं, म्हशीचं वेगळं, आणि संघ मधेच तक्ता बदलतो. मला ते झेपलं नसतं.

दिवाळीआधी औरंगाबादला अनेक कॉलेजांचा मिळून एक कॅम्पस, म्हणजे नोकरीसाठीच्या मुलाखती, असा झाला. आम्ही एका गाडीत बसून गेलो होतो. माझं काही झालं नाही. तिची निवड झाली. आमच्या अख्ख्या वर्गातून तिची एकटीची. कंपनीची अट इतकीच, की पदवी त्याच उन्हाळ्यात हातात पडली पाहिजे. परतीच्या वाटेत गेवराईला ती उतरली तेव्हा तिचे वडील स्टँडवर पेढे घेऊन उभे होते, आणि त्यांनी गाडीतल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला, ड्रायव्हरच्याही.

दिवाळीहून परतलो तर वसतिगृहाच्या दाराला नोटीस. पाणीटंचाईमुळे मुलींचं वसतिगृह पुढील सूचनेपर्यंत बंद राहील, मुलींनी आपापली सोय करावी. त्याच दारावर दुसरा जुना कागद होता, पंचाहत्तर टक्के हजेरी नसल्यास टर्म ग्रँट होणार नाही आणि परीक्षेला बसता येणार नाही म्हणून. तो कुणी काढला नव्हता.

आम्ही सगळ्या मुली प्राचार्यांकडं गेलो. त्यांनी बसा म्हटलं नाही. पाणी नाही तर मी काय करू, असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं. तेव्हा तिनं विचारलं, "मंग हजेरीचं काय सर? आमी लांबून येणार."

"हजेरीचा नियम विद्यापीठाचा आहे," ते म्हणाले. "दुष्काळ त्यात बसत नाही."

मी चौसाळ्याची. गाव हमरस्त्यावर, त्यामुळं बीडला यायला गाड्यांना तोटा नव्हता. तिचं तसं नव्हतं. चकलांब्याहून गेवराई, गेवराईहून बीड, आणि पहिली गाडी चुकली की दुपारच. बीडमध्ये खोली बघितली. घरमालक पाण्याची हमी देईनात, काही जण तर मुली म्हटल्यावर लई पाणी सांडता म्हणून दारच लावून घेत. काही दिवस ती मावशीकडं राहिली. मावशीच्या नळालाच आठवडा आठवडा पाणी नव्हतं. मावशी बोलली नाही, पण हिलाच बादली उचलताना लाज वाटायला लागली, आणि ती घरून येऊ लागली.

घरून येणं म्हणजे काय, हे मला माझ्यावरूनही कळत होतं. माझे वडील, आण्णा, आमच्या दोन म्हशी घेऊन चारा छावणीत राहायला गेले होते. घरी आई एकटी. टँकर कधी येईल याला काही धरबंध नव्हता. आला की सगळी आळी धावायची, आणि मी घरात असले तर मलाही हंडा घेऊन धावावं लागे. त्यातून सुटून गाडी धरायची. गाडीत फाईल मांडीवर ठेवून लिहायचे. रस्त्यातल्या खड्ड्यांनी अक्षर हलायचं. एकदा प्रॅक्टिकलच्या मॅडमनी माझी पानं बाजूला केली आणि विचारलं, "हे अक्षर आहे की काय आहे?" मी सांगितलं, गाडीत लिहिलंय. घरी बसून लिही म्हणाल्या. घरी कधी, ते त्यांनी सांगितलं नाही.

तिला रोज सकाळचा पहिला तास आणि बऱ्याचदा दुसराही मिळत नसे. उरलेल्या दिवसात प्रॅक्टिकल, नाहीतर संघ. डबा उघडायची तिला फुरसत नसायची. परतीच्या गाडीत खाते म्हणायची. त्या हिवाळ्यात ती इतकी वाळली, की मला तिच्याकडं बघवत नसे. पण दराचा भाग तिनं पुरा केला. संघाच्या जुन्या पावत्या घेऊन आम्ही ताडून बघितलं, पैशापर्यंत जुळत होतं.

तोवर दूधच संपत आलं होतं. आमच्या चौसाळ्याच्या केंद्रावर मी चाचणी घ्यायला जायचे, तर सकाळची कॅनांची रांग दिसेनाशी झाली. जनावरं छावणीत, छावणीत ऊस नाहीतर सुका कडबा, दूध कुठून येणार? काही केंद्रांना कुलूप लागलं. तरी उद्घाटन ठरलं, कारण साहेबांनी कुठल्याशा सभेत तसं सांगून टाकलं होतं. सरांनी आम्हाला नोंदी भरायला लावल्या. "डेमोपुरत्या," असं ते म्हणाले. आम्ही दोघींनी मनानं म्हशी दुभत्या केल्या आणि मनानं फॅट लावली.

उद्घाटनाला मांडव घातला होता. साहेबांनी नारळ फोडला, कीबोर्डवर एक बटण दाबलं, पडद्यावर त्यांचा फोटो आला आणि टाळ्या वाजल्या. सत्काराला पुतण्याला वर बोलावलं. आम्ही दोघी मागं वायरींजवळ उभ्या होतो, कारण काही बंद पडलं तर बघायला कुणीतरी हवं होतं. काही बंद पडलं नाही. पेपरात फोटो आला तो साहेबांचा आणि पुतण्याचा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी टर्म ग्रँट न झालेल्यांची नावं लागली. तिचं नाव होतं.

आम्ही दोघी तडक सरांकडं गेलो. ती रडली वगैरे नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, संघातले दिवस तुमी धरणार होतात."

सर म्हणाले की त्यांनी विभागप्रमुखांच्या कानावर घातलं होतं, पण लेखी काही नसल्यामुळं अडचण आहे.

"लेखी मागितलं असतं तर दिलं असतंत का?"

तिनं हे विचारताच सर टेबलावरचे कागद सारखे करू लागले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि कीवही. त्यांची पुढच्या वर्षाची नेमणूक अजून व्हायची होती.

मग विभागप्रमुख. त्यांनीही विद्यापीठाचंच नाव घेतलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं की आमच्या ग्रुपातला तिसरा मुलगा वर्षभर वर्गात दिसला नाही, त्याची हजेरी पुरी कशी भरली?

"दुसऱ्याचं काढू नका," ते म्हणाले. "स्वतःचं बघा."

स्वतःचं काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या तपासून सही झालेल्या फायली परत आल्या. अक्षर नीट नाही, सगळ्या पुन्हा लिहून आणा. परीक्षा तोंडावर होती. छावणीत जाऊन आण्णांना भेटायचं मी कबूल केलं होतं, ते राहिलं. जेवणाच्या वेळा गेल्या, आईनं हंडे एकटीनं ओढले, आणि मी दारात बसून तेच प्रोग्रॅम पुन्हा निळ्या शाईत उतरवत राहिले. एक अक्षरसुद्धा त्यातून मी नवीन शिकले नाही. मदतीला कोण आलं तर तीच. तिची टर्म गेलेली, तरी दोन दिवस चकलांब्याहून आमच्या घरी येऊन राहिली आणि रेघा मारून दिल्या. आई तिला म्हणाली, "पोरी, तुजं वरीस गेलं आन तू हिचं लिहीत बसलीस व्हय?" ती म्हणाली, "बसून तरी काय करू मावशी."

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. प्रोजेक्टच्या अहवालावरून तिचं नाव काढून टाकलेलं होतं. पुतण्या नवीन बूट घालून माझ्या शेजारी उभा. परीक्षकांनी बराच वेळ कोड वर-खाली केला आणि दराच्या भागापाशी थांबले.

"हे कुणी लिहिलंय? चांगलं लिहिलंय."

आमचे सर खिडकीकडं बघत होते. मी तिचं नाव सांगितलं.

"ती कुठाय?"

"डिटेन झाली सर. हजेरी भरली नाही."

"का?"

"हे लिहीत होती म्हणून."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आमच्या सरांकडं एकदा बघितलं. मला वाटलं आता ते काही बोलतील. ते म्हणाले, "बरं. पुढचा ग्रुप पाठवा."

मार्क उत्तम पडले. मला आणि पुतण्याला सारखेच.

कंपनीनं तिला कळवलं की यंदा पदवी नसेल तर निवड रद्द समजावी. नापास वर्षाची शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणून पुढचं वर्ष तिनं वडिलांच्या पगारावर काढलं. पाऊस पडला, वसतिगृह उघडलं, पण रिपीटरला खोली देत नाहीत असं तिला सांगण्यात आलं. तिनं ते वर्ष चकलांब्याहून ये-जा करून काढलं आणि पास झाली. त्या साली औरंगाबादला कॅम्पस झालाच नाही. सरांची नेमणूक पुढं झाली नाही असं ऐकलं. आमचं सॉफ्टवेअर संघात कुणी उघडलं नाही. दूध परत सुरू झालं तेव्हा त्यांनी बाहेरच्या लोकांकडून दुसरं घेतलं.

मी पुण्यात नोकरीला लागले. काम मिळालं ते माझ्या मार्कांवर, आणि मार्क कशाचे होते ते मला माहीत आहे.

काही वर्षांनी बीडच्या स्टँडवर ती भेटली. गेवराईत कॉम्प्युटरचे क्लास घेते. नवरा शिक्षक, एक मुलगी. तब्येत भरलेली होती, बरं वाटलं. आम्ही चहा घेतला. मी उगीच म्हटलं की सगळा दुष्काळानं घात केला.

"दुष्काळानं?" ती म्हणाली. "दुष्काळ तर समद्यांनाच होता. त्या पुतण्याला न्हवता का?"

तो आता आमच्याच कॉलेजच्या संचालक मंडळावर आहे, असं तिनं सांगितलं. क्लासची वेळ झाली होती. ती चहाचा पेला खाली ठेवून उठली आणि गेवराईच्या गाडीकडं चालू लागली.