दगडी माकडांची भाकरी

मिनहोतेपबद्दल तेतिकीला खरं तर फारसं काही ठाऊक नव्हतं. एकाच भिंतीपाशी दोघांची वर्षं गेली, पण मिनहोतेपची बायको आहे की वारली, मुलं किती, असं कुणी विचारलं असतं तर तेतिकीला सांगता आलं नसतं. तेतिकी रेघा ओढणारा, मिनहोतेप त्या रेघांवर छिन्नी चालवणारा. बोलणं झालंच तर दगडाबद्दल.

माहीत होतं ते एवढंच, की मिनहोतेप गेबतूचा, म्हणजे जिथून समुद्राची वाट फुटते त्या गावचा. कांदा तो सालीसकट खायचा. आणि रोज दुपारी जेवायच्या आधी भाकरीचा एक तुकडा भिंतीच्या पायाशी ठेवून त्यावर बिअरचे दोन थेंब सोडायचा.

भिंत पुंत देशाच्या सफरीची होती. तिकडे पाठवलेली गलबतं धुपाची झाडं मुळांसकट घेऊन परतली होती आणि कड्याखालच्या नव्या देवळात ती सगळी हकिकत कोरायची होती. फळीवरून चढणारे हमाल, टोपल्यांतली झाडं, हस्तिदंत, दोरांवर बसलेली माकडं. मिनहोतेप तुकडा ठेवायचा तो गलबताखाली, म्हणून बाकीच्या कारागिरांनी ठरवून टाकलं की हा माकडांना जेवू घालतो.

"मिनहोतेप, तुझी पोरं आज उपाशी दिसतात रे," कुणीतरी म्हणायचं. तो हसून म्हणायचा, "खाण्यात फार नखरे आहेत त्यांचे."

तेतिकी मात्र नीट पाहायचा. तुकडा माकडांखाली नसायचा. थोडा उजवीकडे, फळीच्या टोकाशी असायचा, जिथे झाडांच्या टोपल्या खांद्यावर घेतलेले हमाल ओळीने उभे होते. ते हमाल तेतिकीनेच आखले होते. रिवाजाप्रमाणे चौकटी मारून, सगळे एका उंचीचे, एका नाकाचे. तो जवळ जाऊन एकेकाला निरखून आला. कोरण्यातही कुठे वेगळेपण नव्हतं. मग हा जेवू घालतोय कुणाला? एकदा त्याने आडून विचारून पाहिलं. मिनहोतेप म्हणाला, डोळ्यांत धूळ गेलीय, जरा थांब. ते थांबणं तसंच राहिलं.

एके दिवशी मुकादम हापू आला. आणलेल्या मालाचा मजकूर वाढला होता आणि अक्षरांच्या आणखी एका उभ्या ओळीला जागा हवी होती. त्याने फळीच्या टोकाकडे बोट केलं. शेवटचा हमाल खरवडून टाका, त्याच्यावाचून काही अडत नाही. तेतिकीने काळ्या रेघेने खूण करायची, मिनहोतेपने खरवडायचं.

मिनहोतेपची छिन्नी चालूच होती, पण दगडाचा कण पडत नव्हता. तेतिकी काळा रंग कालवत बसला, हवा त्याहून जास्त वेळ.

"कोण आहे तो?" त्याने खाली मान घालूनच विचारलं.

"धाकटा भाऊ. पुंतच्या गलबतावर वल्ही मारायला गेला होता. येताना तापाने गेला, तिकडेच पाण्यात सोडला त्याला. नेहमी सगळ्यांच्या मागे असायचा, म्हणून शेवटचा धरला."

पुढचं बोलायची गरज नव्हती. ज्याचा देह घरी आला नाही, त्याला थडगं नाही. जीव भुकेला परतला तर टेकायला आधार म्हणून निदान दगडाचं अंग लागतं, आणि नाव घेणारं कुणी. नाव कोरायला परवानगी नव्हती. ते मिनहोतेप रोज ओठांत घेत असणार.

तेतिकी उठून हापूकडे गेला. आयुष्यात मुकादमाशी तो आपणहून असा क्वचितच बोलला होता. "मुकादम, माणूस काढला तर झाड हवेत चालेल. त्यापेक्षा वरचं टोकाचं माकड काढू. ओळ वर सरकेल."

हापूने त्याच्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. "माकड थोतचं. लेखणीच्या देवाचं. रोज सकाळी रंगाच्या वाटीतलं पाणी त्याला वाहतोस ना तू? हात लुळा पडला म्हणजे?"

"पडला तर माझा पडेल. त्याला बाकीची माकडं आहेत की."

हापूला हसू आलं. "बघ बाबा. देवाला उत्तर तू द्यायचंस."

तेतिकीने माकडावर काळी फुली मारली. रेघ वाकडी आली, त्याची कधी येत नसे. मिनहोतेपने दिवस मावळायच्या आत माकड खरवडलं. दुसऱ्या दिवशी कारागीर म्हणाले, पोसलं पोसलं आणि शेवटी यानेच खाल्लं. मिनहोतेपने तेही हसून घेतलं.

तेतिकी बरेच दिवस थोतला पाणी दुपटीने वाहत होता आणि बोटं मिटून उघडून पाहत होता. हात धड राहिला. भावाचं नाव मात्र त्याने विचारलं नाही. दुपारी मिनहोतेपचे ओठ हलायला लागले की तो पाठ वळवायचा, पण कान तिकडेच असायचे. असं करता करता ते नाव त्याला पाठ झालं.

पुढे एका पहाटे अचानक हुकूम आला आणि गेबतूच्या कोरणाऱ्या कारागिरांना नावेत बसवून दक्षिणेकडच्या दुसऱ्या देवळावर नेलं. निरोपबिरोप काही झाला नाही. आदल्या संध्याकाळी दोघं हत्यारं गुंडाळत होते, तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं.

"उद्या येताना कांदा आण," मिनहोतेप म्हणाला. "कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही."

"तुझ्या की त्याच्या?"

"दोघांच्याही."

"आणतो," तेतिकी म्हणाला.